कैरोत राहायला येताय? आधी कागद, मग घर, मग भाजी, आणि पिरॅमिड शेवटी

इथे नवीन आलेला जवळपास प्रत्येक मराठी माणूस पहिल्याच शुक्रवारी गिझाला पळतो. घर मिळालेलं नसतं, बँकेचं कार्ड आलेलं नसतं, भाषेचा एक शब्द येत नसतो, त्यामुळे उंटवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे त्याला टुरिस्ट समजूनच भाव सांगतात आणि तो दमून, वैतागून घरी येतो. तुम्ही इथे राहायला येताय ना, मग पाहुण्यासारखं चार दिवसांत सगळं उरकायची काहीच गरज नाही. आधी बस्तान बसवा. पिरॅमिड साडेचार हजार वर्षं उभे आहेत, अजून दोन महिने थांबतील. मी कैरोतल्या मादी नावाच्या भागात राहते, इथे येणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांना हेच सगळं फोनवर पुन्हा पुन्हा सांगत असते, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

भारतातून निघायच्या आधी

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्टिफिकेटं. इजिप्त अपोस्टिल करारात (एकाच सरकारी शिक्क्यावर कागद दुसऱ्या देशात चालतो, तो करार) नाही, त्यामुळे युरोपला गेलेला मित्र "अपोस्टिल करून घे, झालं" असं म्हणाला तरी त्यावर थांबू नका. डिग्री, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले हे सगळं आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी इजिप्तच्या वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागतं. मुंबईत त्यांचं कॉन्सुलेट आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला दिल्लीला धावायच्या आधी तिथे चौकशी करता येते. या कामाला दीड-दोन महिने हाताशी ठेवा. इथे पोचल्यावर लग्नाचा दाखला अडला तर बायकोचं किंवा नवऱ्याचं रेसिडेन्सी कार्ड अडतं, आणि तो कागद परत भारतात पाठवून शिक्के मारून आणणं म्हणजे नुसता मनस्ताप.

दुसरी गोष्ट पगाराची. मार्च २०२४ मधे इजिप्शियन पाउंड मोकळा सोडला तेव्हा डॉलरचा भाव एकतीसच्या आसपास होता तो थेट पन्नासच्या घरात गेला. ज्यांचा पगार पाउंडात ठरलेला होता त्यांची भारतात पाठवायची रक्कम एका दिवसात कितीतरी खाली आली. म्हणून ऑफर लेटरवर सही करायच्या आधी पगार डॉलरमधे किंवा डॉलरच्या दराशी बांधलेला मागा, निदान अर्धा तरी. मुलांच्या शाळेचा खर्चही तेव्हाच बोलून घ्या, इथल्या ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांच्या फिया भयंकर आहेत आणि नंतर कंपनी ऐकत नाही.

बॅगेत काय आणायचं आणि काय नाही तेही सांगते. ड्रोन आणू नका, परवानगीशिवाय बंदी आहे आणि एअरपोर्टवरच अडकाल. ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर बॅगेत असेल तर काढून ठेवा, त्याला इथे अमली पदार्थ समजतात आणि त्यावरून परदेशी लोक तुरुंगात गेलेत. बाकी रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट आणा. हिंग, कढीपत्ता वाळवून, गोडा मसाला, पोहे, कोकम, आणि आपला प्रेशर कुकर शिट्टी आणि जादा गॅस्केटसकट. एवढं पुरे, डाळी-मसाल्यांनी बॅग भरू नका, का ते पुढे सांगते.

पहिला आठवडा

पहिलं काम आकडे शिकणं. अक्षरं नाही आली तरी चालतं, आकडे आलेच पाहिजेत, कारण भाजीवाल्याच्या पाटीवर, गाडीच्या नंबरावर, बिलावर, सगळीकडे अरबी आकडेच असतात. मराठी माणसाची इथे एक खास गंमत होते, त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. त्यामुळे पाटीवर गोल आणि ठिपका दिसला की आपण काहीतरी भलतंच वाचतो, असतात ते पन्नास. त्यांचा सात इंग्रजी व्ही सारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. एका संध्याकाळी बसून घटवलंत की होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला फसवणं निम्म्याने अवघड होतं हे नक्की.

मग थोडे शब्द. कैरोची बोली पुस्तकी अरबीपेक्षा बरीच वेगळी आहे, म्हणून ॲप लावताना इजिप्शियन बोलीचं निवडा. बिकाम म्हणजे केवढ्याला, लौ समाहत म्हणजे जरा प्लीज (बाईला म्हणताना समाहती), अला गंब म्हणजे गाडी बाजूला घ्या, यमीन उजवीकडे, शिमाल डावीकडे, खलास म्हणजे बास, झालं. ला शुक्रन हे हसून पण न थांबता म्हणायचं, विशेषतः टुरिस्ट भागात. आणि मालेश, म्हणजे जाऊ दे, असू दे. कुठलंही काम अडलं की समोरचा हेच म्हणतो. चिडून उपयोग नसतो, इथे आवाज चढवणाऱ्याचं काम मागे पडतं आणि चहा पीत पाच मिनिटं बोलणाऱ्याचं होऊन जातं.

सिम कार्डाला पासपोर्ट लागतो. व्होडाफोन, ऑरेंज, वुई, कुठलंही घ्या. घरच्या इंटरनेटला मात्र महिन्याचा कोटा असतो, एवढे जीबी संपले की परत पैसे भरा, हे भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यातच नसतं आणि पंधरा तारखेला नेट बंद पडलं की राऊटर बिघडला असं वाटतं. भारतातून आणलेल्या मोबाइलवरही आता कस्टमचा कर आहे, टुरिस्टला नव्वद दिवस सूट असते, राहायला येणाऱ्याने आल्या आल्या नियम विचारून घ्यावा नाहीतर फोनचं नेटवर्क बंद होतं.

पैशाचं म्हणाल तर बँक खातं उघडलं की इन्स्टापे ॲप टाका, ते आपल्या यूपीआयसारखं चालतं. पण कॅश लागतेच, आणि सुट्टे तर लागतातच लागतात. फावरी नावाचं पिवळं मशीन जवळपास प्रत्येक किराणा दुकानात असतं, तिथे फोन, नेट, वीज सगळं भरता येतं.

आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो, सुट्टी शुक्रवार-शनिवार. भारतात आई-बाबांना फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात अडीच, कारण इथे २०२३ पासून घड्याळ पुढे-मागे करणं परत सुरू झालंय.

घर

हे घाईत करू नका. पहिले दोन-तीन आठवडे कंपनीकडून हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंट मागून घ्या आणि ऑफिस कुठे आहे ते बघून भाग ठरवा. कैरोत अंतर किलोमीटरमधे मोजूच नये, वेळेत मोजावं.

मादी झाडांचा, जुना, पायी फिरता येईल असा भाग, परदेशी लोक भरपूर, मेट्रोची पहिली लाईन जवळ. झमालेक नाईलमधलं बेट आहे, सुंदर पण जुन्या इमारती आणि पार्किंगची बोंब, आपली वकिलात तिथेच. न्यू कैरो म्हणजे तगम्मू, नवीन, मोठं, बंदिस्त सोसायट्या, पण गाडीशिवाय पानही हलत नाही. सहा ऑक्टोबर (ही तारीख नाही, भागाचं नाव आहे) आणि शेख झायेद पश्चिमेला. ऑफिस तगम्मूला आणि घर झायेदला असं चुकूनही करू नका, सगळं शहर ओलांडून जावं लागतं.

माझं मत विचाराल तर मुलं लहान असतील किंवा घरात एकजण दिवसभर घरीच असेल तर मादी. तिथे बाई एकटी बाहेर पडून भाजी, औषध, पार्क, मेट्रो सगळं करू शकते, आणि परक्या देशात हे फार मोठं सुख आहे. बंदिस्त सोसायटीत पहिल्या वर्षी एकटेपणा खायला उठतो असं बऱ्याच जणींकडून ऐकलंय.

घर दाखवणारा दलाल म्हणजे सिमसार. त्याचं कमिशन, डिपॉझिट आणि भाडं दरवर्षी किती टक्के वाढणार हे सगळं आधी बोलून कागदावर घ्या. घर बघायला जाताना नळ सोडून पाण्याचा जोर बघा, गीझर बघा, सगळे एसी चालू करून बघा आणि खिडक्या घट्ट बसतात का ते बघा. खिडक्यांचं यासाठी की मार्च ते मे खमासीन वारे येतात, आकाश पिवळं होतं आणि फट असेल तर संध्याकाळी डायनिंग टेबलवर बोटाने नाव लिहिता येतं इतकी बारीक वाळू साचते. हिवाळ्यात गरम हवेचा एसी हवाच. बाहेर थंडी फार नसते पण घरं सिमेंटची आणि हीटिंग नसतं, त्यामुळे जानेवारीत आत बसून कुडकुडायला होतं.

विजेचा मीटर बहुतेक ठिकाणी प्रीपेड असतो, कार्ड घेऊन जाऊन चार्ज करायचं आणि मीटरला लावायचं. ते कार्ड मालकाकडून पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या आणि आधीची थकबाकी नाही ना ते बघा.

आणि बव्वाब. प्रत्येक इमारतीला एक बव्वाब असतो, तळमजल्यावर बहुधा कुटुंबासकट राहतो, बरेचसे वरच्या इजिप्तमधून, म्हणजे दक्षिणेकडून आलेले. वॉचमन म्हणून त्याच्याकडे बघू नका, प्लंबर कोण, पाणी कधी जाणार, कुठला सिमसार खोटारडा, हे सगळं त्याला माहीत असतं. दर महिन्याला ठरलेली रक्कम द्या, ईदला वेगळं काहीतरी द्या, रोज सलाम करा, मुलांची चौकशी करा. बव्वाबशी जमलं की इमारतीत जमलं.

रेसिडेन्सी

नोकरीवर आलेल्याचं वर्क परमिट कंपनी काढते. त्यासाठी एचआयव्ही टेस्ट सरकारी लॅबमधे करावी लागते, घाबरू नका, सगळ्यांनाच असते. एका परदेशी माणसामागे नऊ इजिप्शियन कामगार असा नियम आहे, त्यामुळे छोट्या कंपनीत जॉइन होत असाल तर परमिट खरंच मिळणार आहे का हे आधीच स्पष्ट विचारा. "टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. कार्डाचं काम अब्बासियाच्या पासपोर्ट ऑफिसात होतं. सकाळी लवकर जा, पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि भाडेकराराच्या चार-चार झेरॉक्स, फोटो, पेन, पाण्याची बाटली आणि कंपनीचा अरबी बोलणारा माणूस बरोबर असू द्या. कार्ड येईपर्यंत पासपोर्टची फोटोकॉपी आणि फोटो फोनमधे कायम ठेवा, हायवेवर पोलिस चौक्या बऱ्याच असतात आणि ते विचारतात.

खाणं

शाकाहारी लोकांना भीती वाटते, पण खरं सांगायचं तर इजिप्तचं रोजचं गरिबाघरचं जेवण बरंचसं शाकाहारीच आहे. सकाळी फूल, म्हणजे शिजवून घोटलेले बाकल्याचे (फावा बीन्सचे) दाणे, वरून तेल, जिरं, लिंबू. तामेया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे, आतून हिरवेगार. कोशरी तर दुपारचं पोटभर जेवण, भात, मसूर, मॅकरोनी, छोले, तळलेला कांदा, टोमॅटोचा आंबटसर सॉस आणि वरून लसणाचं व्हिनेगर आणि शत्ता म्हणजे तिखट. पहिल्यांदा वाटीभर घ्या, शत्ता बेताने घाला.

आता कामाची टिप. हॉटेलात "व्हेजिटेरियन" म्हटलं की बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेली भाजी येते, मुलुखिया नावाच्या पातळ पालेभाजीचं तर नेहमीच हे होतं. त्याऐवजी "सियामी" म्हणा. इथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास करतात आणि त्या उपासाला मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे सियामी म्हटलं की वेटरला, बेकरीवाल्याला, सगळ्यांना बरोबर कळतं. हा एक शब्द कितीतरी मराठी शाकाहारी कुटुंबांना माहीत नसतो आणि ते वर्षभर चीज पिझ्झावर काढतात.

डाळी-मसाले आणू नका म्हटलं ते यासाठी की अत्तार नावाची मसाल्याची दुकानं गल्लोगल्ली आहेत. कमून म्हणजे जिरं, कुझबरा धणे, कुरकुम हळद, हेल्बा मेथी. मसूर, छोले, चवळी मुबलक. भेंडी बामिया नावाने मिळते, अगदी बोटाच्या पेराएवढी, कोवळी. थंडीत कुलकास म्हणजे अळकुड्या येतात. सामना बलदी म्हणजे तूप, झबादी म्हणजे दही. आणि असल इस्वेद आणाच, उसाची काकवी आहे ती, गरम पोळीला लावून मुलं आवडीने खातात. जुलै-ऑगस्टमधे इस्माइलियाचे आंबे येतात, त्यात एका जातीचं नाव चक्क अल्फोन्स. हापूस समजून घेऊ नका, पण उवैस नावाचा जो हिरवा लांबट आंबा असतो तो मात्र चोखून खायला अप्रतिम, रसाला तोच घ्या.

पाणी फिल्टरचं किंवा बाटलीचं. पोट पहिल्या महिन्यात एकदा बिघडतंच, फार्मसीवाले रात्रीसुद्धा घरी औषध पोचवतात.

शहरात फिरणं

मेट्रो १९८७ पासून आहे, आफ्रिकेतली पहिली, स्वस्त आणि ट्रॅफिकवर सगळ्यात चांगला उपाय. मधले डबे बायकांसाठी राखीव असतात, तेच घ्या. बाकी उबर, करीम, इनड्राइव्ह. रस्त्यावर छेडछाड होते हे खोटं सांगणार नाही, सैल कपडे, ठाम चाल, उत्तर न देणं, आणि त्रास झाला तर मोठ्याने बोलणं, आजूबाजूचे लोक लगेच मधे पडतात. गल्लीबोळात टुकटुक दिसतील, बजाजच्या, वाळूजवाल्यांना ओळखीचं वाटेल. "हिंदी?" विचारून अमिताभ बच्चनचं नाव घेणारे टॅक्सीवाले अजूनही भेटतात, त्यांच्याशी गप्पा मारा, भाषा अशीच येते.

रमझानमधे ऑफिसच्या वेळा बदलतात, इफ्तारच्या आधीचा तास रस्त्यावर असू नका, आणि इफ्तार सुरू झाल्यावर त्याच रिकाम्या रस्त्यांवर एक चक्कर मारून या, कैरो इतकं शांत एरवी कधीच नसतं.

आता बघायला निघा

ऑक्टोबर ते एप्रिल हाच मोसम. पुरातत्त्व खात्याच्या बऱ्याच ठिकाणी तिकिटाला कॅश घेत नाहीत, कार्डच लागतं.

सुरुवात घराजवळून करा. मार गिर्गिस मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कॉप्टिक कैरो, हँगिंग चर्च आणि बेन एझ्रा सिनेगॉग पायी पाच मिनिटांवर. तिथून टॅक्सीने फुस्तातचं सिव्हिलायझेशन म्युझियम, एप्रिल २०२१ मधे मिरवणूक काढून आणलेल्या बावीस राजेराण्यांच्या ममी तिथे आहेत. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी मुइझ रस्ता. खान-अल-खलिली बाजाराच्या गर्दीतून उलट न जाता उत्तरेकडून बाब-अल-फुतूह दरवाज्यातून आत शिरा, लगेच अल-हाकिम मशीद लागते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीची ही मशीद पडक्या अवस्थेत होती, १९८० च्या सुमाराला दाऊदी बोहरा समाजाने ती पुन्हा उभी केली, त्यामुळे त्या पांढऱ्या संगमरवरी अंगणात मुंबईहून आलेली कुटुंबं हमखास भेटतात.

हेलिओपोलिसला दोन गोष्टी. एक बॅरन एम्पेनचा वाडा, बेल्जियन उद्योगपतीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदू देवळांच्या आणि अंगकोरवाटच्या धर्तीवर बांधलेला, भिंतींवर आपल्या ओळखीच्या मूर्ती. दुसरी युद्धस्मशानभूमी, तिथे पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधे मेलेल्या जवळपास ४००० भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. तिथे गर्दी कधीच नसते, मुलांना घेऊन जरूर जा.

मग गिझा. सकाळी उघडतानाच पोचा. आता आत विजेच्या बस फिरतात, त्यामुळे उंट-घोडेवाल्यांशी हुज्जत घालायची गरज उरलेली नाही. शेजारचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मधे पूर्ण उघडलं, तुतनखामनच्या थडग्यातल्या ५००० हून जास्त वस्तू पहिल्यांदाच एकत्र, त्याला वेगळा अख्खा दिवस द्या आणि तिकीट आधी ऑनलाइन काढा. एकाच दिवसात पिरॅमिड आणि म्युझियम हा टुरिस्टचा प्लॅन आहे, तुमचा नाही.

आणि खरं सांगू, मला गिझापेक्षा सक्कारा आणि दहशूर जास्त आवडतं. सक्काऱ्याला जोसर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, सगळ्यात जुना, इम्होतेप नावाच्या स्थापत्यकाराने बांधलेला. दहशूरला वाकडा पिरॅमिड, चढ फार उभा होतोय म्हणून अर्ध्यावर कोन बदललेला स्पष्ट दिसतो, आणि लाल पिरॅमिड, त्याच्या आत गर्दी नसताना जाता येतं.

मग दक्षिणेचं, नाईलकाठचं लक्सर, कमीत कमी चार दिवस. रेल्वेचं तिकीट काढताना गाडी रामसेस स्टेशनहून सुटते की बश्तीलहून ते नीट बघा, दक्षिणेच्या बऱ्याच गाड्या आता बश्तीलहून सुटतात. पूर्व काठावर हॉटेल असेल तर पश्चिमेला जायला लोकल फेरी घ्या, खासगी बोटवाले "फेरी बंद आहे" म्हणतील, ती चालू असते. व्हॅली ऑफ द किंग्जच्या साध्या तिकिटात तीन थडगी येतात, पहिल्या सेतीच्या थडग्याचं वेगळं तिकीट महाग आहे पण पैसे तिथेच घाला. मेदिनेत हाबू नावाच्या देवळात दुपारी जा, छताच्या खालच्या बाजूचे निळे-लाल रंग अजून टिकलेत.

अस्वानहून अबू सिंबल २८० किलोमीटर, गाड्या पहाटे चारच्या सुमाराला निघतात. धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते १९६८ मधे अख्खं देऊळ कापून वर आणून बसवलंय. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्याचे किरण गाभाऱ्यात जातात, त्या दिवसांना तुफान गर्दी, प्रकाशाची हौस नसेल तर ते दोन दिवस टाळा.

आई-बाबा आले तर

हा प्रश्न प्रत्येकाला येतोच. त्यांना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत बोलवा. लक्सर-अस्वानला रेल्वेने नेऊ नका, विमानाने न्या आणि मधे तीन-चार रात्रींची क्रूझ घ्या, बुकिंग करतानाच शाकाहारी जेवण लिहून मागा आणि बोटीवर चढल्या चढल्या शेफला भेटून सियामी हा शब्द परत एकदा सांगा. पिरॅमिडच्या आत त्यांना नेऊ नका, वाट अरुंद, उभी, वाकून चढायची, हवा कोंदट, आणि आत शेवटी एक रिकामी दगडी खोली. त्याऐवजी म्युझियममधे न्या, तिथे व्हीलचेअर मिळते, लिफ्ट आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या मोठ्या काचेतून बसल्या जागी पिरॅमिड दिसतात. फोनमधे ॲम्ब्युलन्सचा १२३ आणि टुरिस्ट पोलिसांचा १२६ नंबर टाकून ठेवा, त्यांच्या फोनमधेसुद्धा, आणि घराचा पत्ता अरबीत लिहिलेली एक चिठ्ठी बाबांच्या खिशात असू द्या, कारण सकाळी फिरायला ते एकटे जाणारच.